18 हजार कॉस्टचा प्लॅन 95 हजारवाल्यापेक्षा हळू का चालतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोस्टग्रेस या डेटाबेसवर दोन टेबलं जोडणारी एक जॉइन क्वेरी आहे, बाहेरच्या टेबलात 40 लाख रो, त्यावर देश आणि चलन अशा दोन कॉलमचं फिल्टर. ऑप्टिमायझर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग, स्वतःहून नेस्टेड लूप (बाहेरच्या टेबलाच्या प्रत्येक रोसाठी आतल्या टेबलात एक फेरी) निवडतो, कॉस्ट, म्हणजे कामाचा अंदाजे खर्च, 18,000 दाखवतो आणि क्वेरीला 40 सेकंद लागतात. नेस्टेड लूप बंद केला तर हॅश जॉइन येतो, कॉस्ट 95,000, आणि काम 3 सेकंदात होतं. मग ऑप्टिमायझर तुलना नेमकी कशाची करतो आणि हा कॉस्टचा आकडा बघायचा तरी कशाला, असं तुम्ही विचारलंय.

तुलना त्याने बरोबरच केलीये. 18 हजार हे 95 हजारापेक्षा कमीच आहेत. गडबड त्याच्या आधीच झालीये. तुम्ही दिलेल्या एक्सप्लेन अॅनलाइजच्या (क्वेरी चालवून प्लॅन, अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे दाखवणाऱ्या कमांडच्या) आउटपुटमध्येच ती दिसते: बाहेरच्या टेबलातून 2,000 रो येतील असा अंदाज आहे आणि प्रत्यक्षात आलेत 80,000. त्यामुळे खरा प्रश्न "कॉस्ट कशी मोजतात" यापेक्षा "40 पट चुकलेला अंदाज कुठून आला" हा आहे. पण दुसऱ्याचं उत्तर कळायला पहिलं थोडं समजून घ्यावंच लागतं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

कॉस्ट म्हणजे मिलिसेकंद नाहीत, ते एक ठरवून घेतलेलं माप आहे. पोस्टग्रेसमध्ये डिस्कवरून ओळीने पुढचं एक पेज (टेबल साठवायचा 8 केबीचा तुकडा) वाचायचं, त्याला 1 धरलंय आणि बाकी सगळं त्याच्या पटीत. इकडून तिकडून उडी मारून एक पेज आणायचं तर 4, एका रोवर प्रोसेसिंग 0.01, इंडेक्समधली (रो पटकन शोधायच्या सूचीतली) एक एन्ट्री बघायची 0.005, आणि एखादी तुलना किंवा ऑपरेटर चालवायचा 0.0025. हे सगळे डिफॉल्ट आकडे आहेत, बदलता येतात. दुसऱ्या डेटाबेसमध्ये मापं वेगळी असतात, म्हणजे मायएसक्यूएल 8 मध्ये डिस्कवरचा ब्लॉक 1 आणि मेमरीतला ब्लॉक 0.25 असा फरक मुळातच केलेला आहे, त्यामुळे एका डेटाबेसची कॉस्ट दुसऱ्याशी ताडून बघण्यात काही अर्थ नाही. मी पुढे सगळं पोस्टग्रेस धरूनच बोलतोय.

ही कल्पना काही नवीन नाही. 1979 साली आयबीएमच्या सॅन होजेच्या लॅबमध्ये पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी सिस्टीम आर या प्रायोगिक डेटाबेससाठी जे मांडलं, त्याचाच सांगाडा आजही बहुतेक ठिकाणी आहे: किती पेज वाचावी लागतील, अधिक एक वजन गुणिले किती रो हाताळावे लागतील. दोन गोष्टींची बेरीज, बस. आणि दोन्ही गोष्टी रोच्या संख्येवर अवलंबून.

आकडे घालून बघू, नाहीतर हे सगळं हवेत राहतं. समजा एक टेबल आहे, 1 कोटी रो, 1,25,000 पेजेस. पूर्ण टेबल वाचून एक फिल्टर लावायचं तर पेजेसचे 1,25,000, रोचे 1,00,000 आणि फिल्टरचे 25,000, एकूण अडीच लाख (पॅरलल स्कॅन, म्हणजे अनेक प्रोसेसनी मिळून टेबल वाचणं, सध्या बाजूला ठेवू). आता फिल्टरमध्ये 1,000 रो बसतात असा अंदाज असेल तर इंडेक्सने जाऊन साधारण 1,000 उड्या, म्हणजे 4,000 च्या आसपास. अडीच लाख विरुद्ध 4 हजार, इथे विचार करायलाच नको. पण 5 टक्के, म्हणजे 5 लाख रो बसत असतील आणि ते टेबलभर विखुरलेले असतील तर जवळजवळ प्रत्येक पेजला हात लावावा लागणार. सव्वा लाख पेजेस गुणिले 4 म्हणजे 5 लाख, वर इंडेक्सचा खर्च वेगळा, म्हणजे सरळ इंडेक्स स्कॅन पूर्ण टेबल वाचण्यापेक्षा दुप्पट महाग. 1 कोटीतले 5 टक्के ऐकायला कमी वाटतात, पण "इंडेक्स आहे तरी वापरत नाही" या तक्रारीतली निम्मी उत्तरं इथेच मिळतात. (मधला एक मार्गही असतो, बिटमॅप स्कॅन, तो आधी लागणाऱ्या पेजेसची यादी करतो आणि मग ती क्रमाने वाचतो, त्यामुळे 5 टक्क्यांना बहुतेक वेळा तोच जिंकतो. 60 टक्के वगैरे रो लागत असतील तर मात्र पूर्ण टेबल वाचणंच स्वस्त पडतं.)

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. तेच टेबल, तेच 5 लाख रो, पण फिल्टर तारखेवर आहे आणि रो तारखेच्या क्रमानेच टेबलात पडलेत. मग ते 5 लाख रो एकमेकांना लागून 6,250 पेजेसमध्ये बसतात, पहिली एक उडी आणि पुढे ओळीने वाचन, म्हणजे पेजेसचे सहा हजार दोनशेच्या आसपास, इंडेक्स आणि प्रोसेसिंग धरून सगळं मिळून 20 हजाराच्या घरात. विखुरलेले असताना हीच कॉस्ट 5 लाखाच्या वर जात होती. रो तेवढेच, इंडेक्सचा प्रकार तोच, कॉस्ट 25 पटीने वेगळी. ऑप्टिमायझरला हे कळतं कारण प्रत्येक कॉलमसाठी तो कोरिलेशन नावाचा एक आकडा ठेवतो, कॉलममधल्या किमतींचा (व्हॅल्यूंचा) क्रम आणि डिस्कवरचा क्रम किती जुळतो ते सांगणारा. स्टॅट्सच्या (कॉलमबद्दलच्या आकडेवारीच्या) व्ह्यूमध्ये तो तुम्हालाही बघता येतो, एकदा बघाच. "टेस्ट सर्व्हरवर इंडेक्स वापरतो आणि प्रॉडक्शनवर नाही" असं कोणी म्हणालं की मी आधी हा आकडा बघतो, कारण टेस्टमध्ये डेटा एका दमात क्रमाने भरलेला असतो आणि प्रॉडक्शनवर वर्षानुवर्षं अपडेट होऊन विस्कटलेला.

तुमच्या जॉइनकडे येतो. नेस्टेड लूपची कॉस्ट म्हणजे बाहेरचे रो मिळवायचा खर्च, अधिक बाहेरचे रो गुणिले आतल्या बाजूच्या एका फेरीचा खर्च. तुमच्या प्लॅनमध्ये बाहेरचं 8,000 आणि आतली एक फेरी साधारण 5, म्हणून 2,000 गुणिले 5 म्हणजे 10,000 आणि ते 8,000, झाले 18,000. हॅश जॉइनमध्ये बाहेरचे 8,000 तेच, पण आतलं टेबल एकदा अख्खं वाचून त्याचा हॅश (पटकन शोधता येईल असा तक्ता) बांधायचा, त्याचे 87,000, मग बाहेरचा प्रत्येक रो त्यात शोधायचा, तो खर्च फार थोडा. बाहेरचे 8,000 दोन्हीकडे सारखेच आहेत, ते सोडून द्या. राहिलं काय तर एका बाजूला रो गुणिले 5, दुसऱ्या बाजूला जवळपास स्थिर 87,000. दोन्ही कुठे बरोबरीला येतात? साधारण 17,400 रोवर. त्याच्या खाली नेस्टेड लूप, वर हॅश जॉइन. ऑप्टिमायझरला वाटलं 2,000 येतील, त्याने नेस्टेड लूप घेतला. आले 80,000, म्हणजे त्याच्याच फॉर्म्युल्याने आतल्या फेऱ्यांचे 4 लाख व्हायला हवे होते. हॅश जॉइनचं मात्र 80,000 रो आले तरी फार तर हजारभराने वाढतं. अंदाज बरोबर असता तर तुम्ही काहीही न करता त्याने हॅश जॉइनच निवडला असता.

म्हणून मी एक्सप्लेन अॅनलाइजचं आउटपुट बघताना कॉस्टचा कॉलम शेवटी बघतो. आधी प्रत्येक नोडवर (प्लॅनच्या पायरीवर) अंदाजे रो आणि प्रत्यक्ष रो शेजारीशेजारी ठेवून बघतो, खालून वर, आणि जिथे पहिल्यांदा 10 पटीपेक्षा जास्त फरक दिसतो तिथे थांबतो. वरच्या नोडमधले फरक बहुतेक वेळा त्याचेच वारस असतात. एक गोष्ट इथे लोक हमखास चुकतात: नेस्टेड लूपच्या आतल्या बाजूला जो वेळ आणि जे रो दिसतात ते एका फेरीचं सरासरी असतं, लूप्सच्या (फेऱ्यांच्या) आकड्याने गुणायचं असतं. तुमच्या आउटपुटमध्ये तिथे 0.5 मिलिसेकंद लिहिलंय आणि तुम्ही म्हणालात की "आतला इंडेक्स तर एकदम फास्ट आहे". फास्ट आहेच. पण 80,000 वेळा चाललाय, म्हणजे 40 सेकंद, तुमचा सगळा वेळ तिथेच गेलाय.

आता अंदाज 40 पट चुकला कसा. अॅनलाइज (टेबलाचे स्टॅट्स गोळा करणारी कमांड) करताना पोस्टग्रेस अख्खं टेबल वाचत नाही, डिफॉल्टला 30,000 रोचा नमुना घेतो, त्यातून प्रत्येक कॉलमच्या जास्तीत जास्त 100 नेहमीच्या किमती आणि त्यांचं प्रमाण, बाकीच्यांसाठी हिस्टोग्राम (किमती कशा पसरल्यात त्याचे गट), वेगळ्या किमती किती असतील वगैरे काढून ठेवतो. हे एकेका कॉलमचं असतं. दोन कॉलमवर फिल्टर आलं की तो दोन्ही प्रमाणं सरळ गुणतो, कारण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं गृहीत धरलेलं असतं. तुमच्याकडे तो देश 2 टक्के रोमध्ये आहे आणि ते चलन 2.5 टक्के रोमध्ये. गुणाकार 0.05 टक्के, 40 लाखातले 2,000. हाच तो 2,000! आणि खरं काय तर तो देश म्हटला की चलन ठरलेलंच आहे, दुसरं फिल्टर एकही रो कमी करत नाही, म्हणून 2 टक्क्यांचे पूर्ण 80,000 आले.

यावर उपाय 2017 च्या 10 व्या व्हर्जनपासून आहे. क्रिएट स्टॅटिस्टिक्स कमांडने या दोन कॉलमचे एकत्र स्टॅट्स ठेवायला सांगायचं, डिपेंडन्सीज प्रकारचे (एका कॉलमवरून दुसरा किती ठरतो ते सांगणारे), आणि मग टेबल अॅनलाइज करायचं. अॅनलाइज विसरू नका, नुसतं क्रिएट करून काही होत नाही. हा प्रकार बरोबरीच्या फिल्टरपुरता चालतो, फक्त काही ठराविक जोड्याच डोकेदुखी असतील तर 12 व्या व्हर्जनपासून नेहमीच्या किमतींच्या जोड्यांची यादीही ठेवता येते. माझ्याकडे एका कामात उत्पादक आणि मॉडेल अशा दोन कॉलमवर अगदी हेच झालं होतं. मी तेव्हा आधी रँडम पेज कॉस्ट (उडीसाठीचे ते 4) बदलत बसलो, ती क्वेरी सुधारली पण दुसऱ्या दोन चांगल्या चाललेल्या क्वेऱ्यांचे प्लॅन बिघडले, कारण तो आकडा सगळ्यांसाठी एकच आहे आणि मी एका टेबलाची चूक सगळ्या डेटाबेसवर लादत होतो. एकत्र स्टॅट्स टाकले, आकडा परत जागेवर नेला, आणि तिन्ही नीट झाल्या.

हे फक्त माझं मत नाहीये. 2015 साली व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीसाठ्याच्या खऱ्या डेटावर 113 जॉइन क्वेऱ्या घेऊन वेगवेगळे ऑप्टिमायझर तपासले, त्यात हेच दिसलं की रोचा अंदाज चुकल्याने जेवढं नुकसान होतं त्याच्या मानाने कॉस्टच्या फॉर्म्युल्यातल्या चुकांचं फार कमी. आणि जॉइन वाढत जातील तशी ही चूक प्रत्येक पायरीवर गुणली जाते. पहिल्या जॉइनला 5 पट, दुसऱ्याला अजून 5 पट, तिसऱ्यापर्यंत 125 पट.

म्हणजे कॉस्टच्या सेटिंग्जना कधी हात लावायचाच नाही का? लावायचा, पण रोचे अंदाज बरोबर असूनही प्लॅन चुकत असेल तेव्हा. उडीसाठीचे ते 4 हे फिरत्या डिस्कच्या जमान्यातलं गणित आहे, आणि तेव्हाही बराचसा डेटा कॅशमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) असेल असं धरूनच ठेवलेलं, नाहीतर फिरत्या डिस्कवर खरा फरक याहून खूप मोठा असतो. एसएसडी असेल किंवा सगळा डेटा मेमरीत मावत असेल तर मी 1.1 च्या आसपास आणतो. वरच्याच उदाहरणात बघा, 5 टक्के विखुरलेल्या रोंचा इंडेक्स स्कॅन 5 लाखांवरून दीड लाखाच्या आत येतो आणि पूर्ण टेबल वाचण्याला हरवतो. किती ठेवायचं हे तुमच्या डिस्कवर, मेमरीवर आणि कॅशमध्ये नेमकं काय राहतं यावर आहे. ऑप्टिमायझरला हे पेज आत्ता कॅशमध्ये आहे का नाही हे माहीत नसतं, शेजारी अजून किती क्वेऱ्या चालल्यात तेही नाही, म्हणून सगळीकडे चालेल असा एक आकडा कोणी सांगितला तर माझा विश्वास बसणार नाही.

तुलना कशी होते याबद्दल अजून दोन गोष्टी, कारण "सगळ्यात कमी कॉस्टवाला जिंकतो" हे पूर्ण खरं नाही. एक्सप्लेनमध्ये कॉस्टचे दोन आकडे असतात, पहिला रो मिळेपर्यंतची आणि सगळं संपेपर्यंतची. पोस्टग्रेस प्रत्येक टप्प्यावर एकच प्लॅन ठेवत नाही, पहिला रो लवकर देणारा, एकूण स्वस्त पडणारा, आणि रो वरच्या टप्प्याला उपयोगी पडेल अशा क्रमाने देणारा, असे वेगवेगळे जिवंत ठेवतो. आज थोडा महाग पण क्रमाने देणारा प्लॅन पुढे सॉर्ट वाचवू शकतो, ही कल्पनाही 1979 चीच. आणि दोन कॉस्टमध्ये 1 टक्क्याच्या आत फरक असेल तर त्या सारख्याच धरतो आणि बाकीच्या गुणांवर ठरवतो, तेवढ्या बारीक फरकाला अंदाजाच्या दुनियेत अर्थ नसतोच.

पहिल्या आकड्याचा खरा खेळ लिमिट (ठराविक रोच हवेत अशी अट) आली की दिसतो. समजा त्याच 1 कोटीच्या टेबलातून एका ग्राहकाचे ताजे 10 रो हवेत, ग्राहकाचे एकूण 5,000 आहेत. ग्राहकाच्या इंडेक्सने सगळे 5,000 आणून सॉर्ट करायचे तर 20 हजाराच्या आसपास. दुसरा मार्ग, तारखेच्या इंडेक्सने उलटं चालत यायचं आणि 10 सापडले की थांबायचं. अख्खा चाललो तर समजा 4 लाख, पण 5,000 मधले 10 च हवेत, म्हणजे 0.2 टक्के, म्हणून कॉस्ट 800. यात गृहीत धरलंय की ते 5,000 रो सगळ्या तारखांमध्ये सारखे पसरलेत. ग्राहक दोन वर्षांपूर्वीच बंद झाला असेल तर पहिला रो सापडेपर्यंतच लाखो रो मागे टाकावे लागतात आणि 800 कॉस्टची क्वेरी मिनिटभर लटकते. इथे एकत्र स्टॅट्सचा उपयोग होत नाही, ग्राहक आणि तारीख असा जोड इंडेक्स द्यावा हेच बरं.

जॉइन खूप असतील तर अजून एक मर्यादा येते. सगळे क्रम तपासणं शक्यच नसतं, 10 टेबलं नुसती एकामागे एक लावायची तरी 36,28,800 क्रम होतात. म्हणून आधी दोन-दोन टेबलांचे चांगले प्लॅन, त्यावरून तीन-तीनचे, असं वर चढत जातात. 8 पेक्षा जास्त टेबलं जॉइन केली की डिफॉल्टला पोस्टग्रेस सगळ्यांना एकत्र घेऊन हलवत नाही, मग तुम्ही ज्या क्रमाने लिहिलंय त्याला महत्त्व येतं. 12 किंवा जास्त टेबलं एकत्र आली तर पूर्ण शोध सोडून नमुन्याने शोधतो. तुमचे दोनच टेबल आहेत, तुम्हाला याची काळजी नाही.

प्रिपेअर्ड स्टेटमेंट (एकदा तयार करून वेगवेगळ्या किमती भरून पुन्हा पुन्हा चालवायची क्वेरी) वापरत असाल तर मात्र एक तपासा. पहिल्या पाच वेळा खऱ्या किमती बघून प्लॅन होतो, त्यानंतर त्यांची सरासरी कॉस्ट आणि किमती न बघता केलेल्या सर्वसाधारण प्लॅनची कॉस्ट यांची तुलना होते, आणि दुसरा फार महाग वाटला नाही तर पुढे तोच वापरला जातो. "हाताने चालवली की फास्ट, अॅप्लिकेशनमधून हळू" याचं एक कारण हे असतं.

तर तुमच्यासाठी क्रम असा. नेस्टेड लूप बंद करण्याचं सेटिंग प्रॉडक्शनवर ठेवू नका, तपासायला ठीक आहे, पण त्या सेशनमधल्या बाकी क्वेऱ्यांना नेस्टेड लूपच हवा असेल. आधी साधं अॅनलाइज करा आणि शेवटचं कधी झालं होतं ते बघा, कारण आपोआप होणारं अॅनलाइज डिफॉल्टला टेबलातले 10 टक्के रो बदलल्यावरच होतं, 40 लाखात म्हणजे 4 लाख. मग देश आणि चलनाचे एकत्र स्टॅट्स बनवा, परत अॅनलाइज करा आणि क्वेरीचं एक्सप्लेन परत काढा, सगळी सेटिंग्ज डिफॉल्टला ठेवून. बाहेरच्या टेबलाचा अंदाज 17,400 च्या वर गेला की हॅश जॉइन आपोआप यायला हवा. अंदाज 80,000 च्या जवळ येऊनही नेस्टेड लूपच राहिला तर आतल्या एका फेरीची कॉस्ट 5 वरून किती झाली ते बघा, कारण फेऱ्या वाढल्या की आतली पेजेस पुन्हा पुन्हा कॅशमध्येच सापडतील असं धरून तो ती कमी करतो, आणि तिथे कॅशच्या अंदाजाचं सेटिंग, डिफॉल्ट 4 जीबी, तुमच्या मशीनच्या मेमरीशी जुळतं का ते तपासावं लागेल. ते आउटपुट बफर्सचा पर्याय लावून काढा, किती पेजेस मेमरीतून आली आणि किती डिस्कवरून हे त्यात दिसतं, म्हणजे पुढचं बोलता येईल.